स्टुडिओतला आवाज फोनमध्ये कसा मावतो?

‘आपल्या खात्यात सात हजार सहाशे साठ रुपये शिल्लक आहेत.’ बँकेच्या, वीजबिलाच्या किंवा गॅसच्या क्रमांकावर फोन लावला की अशा धर्तीचं वाक्य ऐकू येतं. पलीकडे कोणी बोलत नसतं. निवेदकाचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो, तोही बहुतेक वेळा चांगल्या स्टुडिओत, चांगल्या माइकसमोर. निवेदकाचे उच्चार स्वच्छ असतात. तरीही फोनवर ऐकणारा कान ताणतो आणि विचारात पडतो, ‘सात हजार म्हणाले की साठ हजार?’

दोष निवेदकाचा नाही आणि ऐकणाऱ्याच्या कानांचाही नाही. स्टुडिओतली फाइल फोनवर वाजण्याआधी तिचं रूपांतर होतं. आजच्या बारीक, तपशीलवार ध्वनीतून ती १९७२ साली ठरलेल्या एका जुन्या साच्यात उतरवली जाते. संगणकावर हे काम काही सेकंदांत उरकतं, त्यामुळे त्याकडे कोणी काम म्हणून पाहत नाही. पण आपल्या भाषेतले कोणते वर्ण फोनपर्यंत पोचतील आणि कोणते वाटेत गळतील, हे बरंचसं या पायरीवर ठरतं.

दोन साचे

स्टुडिओत आवाज साधारणपणे सेकंदाला ४८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप २४ बिटांत लिहिलं जातं. ही फाइल ‘वेव्ह’ प्रकारची असते. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या जगात ती पुष्कळदा ‘ब्रॉडकास्ट वेव्ह’ असते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ साली ठरवून दिलेल्या या प्रकारात ध्वनीबरोबरच तो कोणी मुद्रित केला, कधी केला, त्यात काय आहे, याचीही नोंद ठेवता येते.

फोनचा जुना साचा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. सेकंदाला ८,००० मोजमापं आणि प्रत्येकाला फक्त ८ बिट. एका मिनिटाचं एकपदरी स्टुडिओ ध्वनिमुद्रण सुमारे ८६ लाख ४० हजार बाईट भरतं. फोनच्या साच्यात तेच मिनिट ४ लाख ८० हजार बाईटमध्ये बसवायचं असतं, म्हणजे बरोबर अठराव्या हिश्शात. उरलेले सतरा हिस्से सोडून द्यायचे आणि तरी बोलणं समजलं पाहिजे, अशी ही अट आहे.

या साच्याचं नाव जी.७११. त्याची मुळं १९७२ च्याही आधीची आहेत. लांब पल्ल्याच्या एकाच केबलवरून अनेक संभाषणं नेताना प्रत्येक संभाषणाला ४,००० हर्ट्झ रुंदीची जागा मिळे. शेजारची संभाषणं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कडेला थोडी जागा मोकळी सोडली जाई. प्रत्यक्ष आवाजासाठी उरे ३०० ते ३,४०० हर्ट्झचा पट्टा. माणसाचा निरोगी कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्या मानाने हा पट्टा फार अरुंद. पण बोलण्याचा अर्थ कळण्यासाठी लागणारं बरंच काही याच भागात असतं, आणि म्हणून तो टिकला.

आवाजाची सतत बदलणारी लहर संख्यांमध्ये लिहून पाठवायची कल्पना ब्रिटिश अभियंता अॅलेक रीव्हज याची. पॅरिसमध्ये काम करत असताना १९३८ साली त्याने तिचं पेटंट मागितलं. त्या काळच्या व्हॉल्व्हवर हे काम परवडण्यासारखं नव्हतं. ट्रान्झिस्टर आले, तेव्हा कल्पनेला वाट मिळाली. अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ साली एका जोडणीवरून २४ संभाषणं संख्यारूपात न्यायला सुरुवात केली. युरोपने ३० संभाषणांची रचना स्वीकारली. ४,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपायचा तर सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे ८,००० मोजमापं हवीत, हा नियम नायक्विस्ट आणि शॅनन या अभियंत्यांच्या कामातून आलेला. ८,००० गुणिले ८ बिट म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. पुढे कित्येक दशकं जगभरची टेलिफोन एक्स्चेंज याच आकड्याभोवती बांधली गेली. आपल्याकडे १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यापाड्यांत पोचवलेली डिजिटल एक्स्चेंजही याच कुळातली.

इंटरनेटवरून बोलणं सुरू झालं तरी हा साचा गेला नाही. दोन यंत्रांना एकमेकांची नवी भाषा कळली नाही तर दोघांनाही कळेल अशी एक जुनी भाषा लागते. फोनच्या जगात ती भाषा म्हणजे जी.७११.

‘स’ कुठे जातो?

आता आपलं वाक्य घेऊ. ‘सात हजार सहाशे साठ.’ यात ‘स’ तीनदा येतो आणि ‘श’ एकदा. ‘स’ म्हणताना जीभ दातांच्या मागे येऊन हवा बारीक फटीतून सोडते. त्या सुसकाऱ्याची बहुतेक ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. ‘श’साठी जीभ मागे सरते, तोंडातली पोकळी मोठी होते आणि आवाज खाली येतो. त्याची ऊर्जा साधारण २,५०० हर्ट्झपासून वर पसरलेली असते. फोनचा पट्टा ३,४०० वर संपतो. म्हणजे ‘श’चा बराच भाग आत राहतो आणि ‘स’चा मुख्य भाग कुंपणाबाहेर पडतो. फोनवर नाव सांगताना आपण ‘सकाळचा स’ असं का म्हणतो, त्याचं कारण इथे आहे.

चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळे आहेत, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. पहिल्यात जीभ दातांकडे झुकते आणि उच्चाराच्या शेवटी ‘स’सारखा सुसकारा येतो. फोनच्या पट्ट्यात हा सुसकारा कापला गेला की दोन्ही ‘च’ एकमेकांच्या जवळ येतात. संदर्भाने आपण शब्द ओळखतो, पण कानाला मिळणारी खूण पुसट झालेली असते.

त्या मानाने ‘त’ आणि ‘ठ’ यांचं नशीब बरं. ‘ठ’साठी जीभ टाळूकडे वळते तेव्हा आधीच्या स्वराचा एक अनुनाद खाली झुकतो. ही खूण साधारण २,००० ते २,५०० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे पट्ट्याच्या आत. ‘सात’ आणि ‘साठ’ फोनवरही वेगळे ऐकू येऊ शकतात. अट एकच, रूपांतर करणाऱ्याने ही खूण सांभाळली पाहिजे.

खालच्या बाजूची कथा वेगळी आहे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. फोन ३०० च्या खालचं फारसं काही नेत नाही, म्हणजे हा सूर फोनवर जवळजवळ नसतोच. तरी वडिलांचा फोन आला की आवाज जाड वाटतो, आईचा आला की पातळ. कारण १२० हर्ट्झच्या सुराबरोबर ३६०, ४८०, ६०० असे त्याच्या पटीतले सूरही निघतात आणि ते पोचतात. त्यांच्यातलं १२० चं अंतर हेरून आपला मेंदू गेलेला मूळ सूर मनात भरून काढतो. वर गेलेल्या ‘स’साठी मात्र मेंदूकडे असा आधार नाही.

आधी गाळणी, मग गाळण

४८,००० मधून ८,००० करायचे म्हणजे दर सहा मोजमापांतलं एक ठेवायचं. इतकं सोपं गणित पाहून कोणी सरळ पाच मोजमापं टाकून सहावं ठेवत गेला, तर आवाजाची नासाडी होते. सेकंदाला ८,००० मोजमापांत ४,००० हर्ट्झच्या वरचा सूर मावत नाही. तो नाहीसा होत नाही, उलटून खाली येतो. ५,००० हर्ट्झचा सूर ३,००० चा होऊन बसतो, ६,००० चा २,००० चा, ७,००० चा १,००० चा. म्हणजे ‘स’चा वरचा सुसकारा थेट स्वरांच्या मुलखात उतरतो आणि शब्दावर खरखर पसरवतो. वर्णही गेला आणि त्याच्या जागी घाणही आली.

म्हणून मोजमापं कमी करण्याआधी आवाज गाळून घ्यावा लागतो. ४,००० च्या वरचं सगळं गाळणीने अडवायचं, मग सहातलं एक ठेवायचं. गाळणी किती तीव्र हवी यात खरी कसोटी आहे. ती ढिली असेल तर खरखर आत शिरते. खबरदारी म्हणून तिला २,५०० पासूनच कापायला लावलं, तर ‘श’ मंदावतो आणि ‘ठ’ची खूणही धोक्यात येते. चांगली गाळणी ३,४०० पर्यंत आवाजाला हात लावत नाही आणि ४,००० पर्यंत दार पूर्ण बंद करते. सॉक्स, एफएफएमपेग, ऑडासिटी यांसारखे मोफत प्रोग्रॅम हे काम चोख करतात.

मूळ ध्वनिमुद्रण ४४,१०० च्या दराने, म्हणजे सीडीच्या दराने झालं असेल तर गणित किचकट होतं. ४४,१०० आणि ८,००० यांचं प्रमाण ४४१ ला ८० असं निघतं. चांगला प्रोग्रॅम तेही निभावतो, पण फोनसाठीच काम करायचं असेल तर ४८,००० वर मुद्रण करणं सरळ आणि सुरक्षित.

आठ बिटांची किमया

आता प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहायचं. ८ बिटांत २५६ पायऱ्या मिळतात, लहरीच्या वरच्या बाजूला १२८ आणि खालच्या बाजूला १२८. पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवल्या तर मोठा आवाज ठीक उमटेल. पण बोलण्यात जोरदार ‘आ’ आणि हलका महाप्राण यांच्यात फार मोठं अंतर असतं. शंभरपट हलक्या ध्वनीच्या वाट्याला १२८ पैकी जेमतेम एक पायरी येते. एका पायरीवर कोणताही आकार उमटत नाही.

यावर जी.७११ मध्ये काढलेला तोडगा फार सुरेख आहे. सराफाकडे सोन्यासाठी बारीक काटा असतो आणि धान्याच्या दुकानात मोठा, कारण किलोभर ज्वारीला गुंजभराचा फरक चालतो, सोन्याला चालत नाही. तसंच इथे हलक्या आवाजासाठी पायऱ्या बारीक ठेवल्या आहेत आणि आवाज मोठा होत जाईल तशा त्या उंच होत जातात. प्रत्येक बाजूला आठ टप्पे आणि प्रत्येक टप्प्यात सोळा पायऱ्या. भारतात चालणाऱ्या प्रकारात सर्वांत मोठी पायरी सर्वांत लहान पायरीच्या ६४ पट असते. आता त्याच शंभरपट हलक्या ध्वनीला वीसएक पायऱ्या मिळतात. मोठ्या आवाजात होणारी ढोबळ चूक त्या आवाजाखालीच झाकली जाते.

या तोडग्याच्या दोन जाती आहेत. अमेरिका आणि जपान यांनी म्यू-लॉ स्वीकारला. युरोपने ए-लॉ घेतला, आणि भारतातही ए-लॉच चालतो. आंतरराष्ट्रीय कॉलमध्ये एकातून दुसऱ्यात बदल करायची जबाबदारी म्यू-लॉ वापरणाऱ्या देशावर असते. दोन्ही जाती सख्ख्या बहिणींसारख्या दिसत असल्या तरी एकीची फाइल दुसरीच्या नावाने वाजवून चालत नाही. ए-लॉमध्ये शांतता २१३ किंवा ८५ या संख्यांनी लिहितात, म्यू-लॉमध्ये २५५ किंवा १२७ ने. फाइल एकीची आणि वाचणारं यंत्र दुसरीचं असेल तर शब्द फाटतात, आणि शब्दांमधली शांतताही खरखरू लागते. परदेशी बनावटीच्या आयव्हीआर, म्हणजे फोनवर आपोआप उत्तर देणाऱ्या, यंत्रणेत म्यू-लॉ आधीच निवडलेला असू शकतो. म्हणून भारतातल्या लाइनसाठी फाइल करताना ही निवड आधी तपासावी.

फाइलच्या तोंडाशी लिहिलेलं

वेव्ह फाइल म्हणजे नुसता आवाज नसतो. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी आणलेल्या या प्रकारात सुरुवातीला एक मथळा असतो. मोजमापांचा दर किती, बिट किती, प्रकार कोणता, हे त्यात लिहिलेलं असतं. साध्या ध्वनीला प्रकार १, ए-लॉला ६, म्यू-लॉला ७. साध्या ध्वनीच्या फाइलमध्ये हा मथळा बहुधा ४४ बाईटचा असतो.

पुष्कळ जुन्या फोन यंत्रणांना मथळा नको असतो, नुसती मोजमापं हवी असतात. अशा यंत्रणेला मथळ्यासकट फाइल दिली तर ती मथळ्याचे बाईटही आवाज समजून वाजवते. सेकंदाला ८,००० बाईटच्या वेगाने ४४ बाईटना साडेपाच मिलिसेकंद लागतात. वाक्याआधी ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो बहुधा हाच. ब्रॉडकास्ट वेव्हमधली जास्तीची नोंद निदान ६०२ बाईटची असते. तीही तशीच चिकटून आली तर ७५ मिलिसेकंदांची खर्रर्र ऐकू येते आणि पहिल्या वर्णावर ऐकणाऱ्याचं लक्ष राहत नाही.

उलटा प्रश्नही तितकाच खरा. मथळा नसलेल्या फाइलमध्ये ती कोणत्या दराची आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. डायलॉजिक कंपनीच्या कार्डांवर चालणाऱ्या जुन्या आयव्हीआरमध्ये ‘व्हॉक्स’ फाइल असत. त्यात मोजमापाला फक्त ४ बिट आणि दर ६,००० किंवा ८,०००. सहा हजारची फाइल आठ हजारच्या दराने वाजवली की निवेदक तिसऱ्या हिश्शाने जास्त घाईत आणि चढ्या आवाजात बोलू लागतो. म्हणून अशा फाइलच्या नावातच दर आणि प्रकार लिहून ठेवायची सवय लावून घ्यावी.

मराठी आकड्यांची मोठी यादी

फोनवरची वाक्यं तुकडे जोडून तयार होतात, कारण प्रत्येकाची शिल्लक वेगळी असते. इंग्रजीत शून्य ते एकोणीस आणि पुढची आठ दशकं असे २८ तुकडे मुद्रित केले की नव्व्याण्णवपर्यंतचे सगळे आकडे जुळवता येतात. मराठीत ही सोय नाही. पंचवीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पंचाहत्तर, पंच्याऐंशी, प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे घडलेला आहे. शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर तुकडे लागतात. त्यावर शंभर, एकशे ते नऊशे, हजार, लाख, कोटी, आणि वेळ सांगायची असेल तर सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच. इतक्या फाइल एकेक करून कोणी बदलत नाही. एकाच आज्ञेने सगळ्या बदलल्या जातात आणि त्या आज्ञेतली एक चूक सगळ्या आकड्यांत एकदम उतरते.

सर्वांत महागात पडणारी चूक तुकड्यांच्या कडा कापताना होते. तुकड्याच्या आधी आणि नंतर असलेली शांतता प्रोग्रॅम आपोआप कापतो. अमुक पातळीपेक्षा हलकं ते सगळं शांतता, असं तो धरून चालतो. फोनच्या गाळणीतून गेल्यावर ‘स’ इतका क्षीण झालेला असतो की कापणाऱ्याला तोही शांतता वाटतो. ‘सात’चा ‘आत’ होतो, ‘साठ’च्या शेवटचा महाप्राण जातो, आणि ज्या दोन शब्दांत फरक राखायचा तेच दोन एकमेकांसारखे होतात. उपाय साधा आहे, क्रम बदलायचा. कडा मूळ २४ बिटांच्या फाइलवर कापायच्या, त्यासुद्धा वर्णाभोवती किंचित मोकळी जागा ठेवून, आणि रूपांतर त्यानंतर करायचं.

बाकीच्या कामाचाही एक क्रम आहे. मुद्रण घुमणार नाही अशा खोलीत करावं. खालचा घुमारा आधी काढून टाकावा, कारण तो फोनवर पोचत नाही आणि पातळी मात्र खातो. २,००० ते ३,४०० हर्ट्झचा भाग हलक्या हाताने उचलावा, म्हणजे जे वर्ण पोचणार आहेत ते ठळक पोचतील. आवाजातले चढउतार थोडे जवळ आणावेत. पातळी गाळणीनंतर पुन्हा पाहावी. ए-लॉचं रूप सर्वांत शेवटी आणि एकदाच द्यावं. एमपी३ मधून ए-लॉ कधी करू नये, एमपी३ ने आधीच काही टाकलेलं असतं. निवेदनाखाली संगीत घालायचा मोह टाळावा. मोबाइलमधली यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली असते. तानपुऱ्यासारखा अखंड सूर तिला गोंगाट वाटू शकतो, आणि तो दाबण्याच्या खटपटीत बोलणंही दबतं.

तपासणी स्टुडिओच्या स्पीकरवर होत नाही. साध्या बटणांच्या फोनवर, शक्यतो रहदारीच्या ठिकाणी, यंत्रणेला प्रत्यक्ष फोन लावावा आणि ज्याने मजकूर पाहिलेला नाही अशा माणसाला श्रुतलेखन करायला सांगावं. पन्नास रकमा ऐकवाव्यात, त्याने त्या आकड्यांत लिहाव्यात. कोणता आकडा चुकतो ते कागदावर दिसतं आणि तोच तुकडा पुन्हा करता येतो.

मूळ फाइल जपायलाच हवी

आता फोन बदलतो आहे. १९८८ साली आलेला जी.७२२ हा साचा तेवढ्याच ६४,००० बिटांत ५० ते ७,००० हर्ट्झचा आवाज नेतो. मोबाइलवर व्होल्टी, म्हणजे फोरजी जाळ्यावरूनच बोलण्याचं तंत्र, आलं आणि २०१६ साली जिओने तर आपलं सगळं जाळं त्यावरच उभं केलं. या रुंद पट्ट्यात ‘स’ परततो आणि दोन्ही ‘च’ पुन्हा वेगळे होतात. पण कॉलच्या वाटेवर एक जरी जुना दुवा लागला तरी आवाज त्याच्याच मापात कापला जातो. त्यामुळे आणखी बराच काळ दोन्ही साच्यांसाठी फाइल कराव्या लागतील.

इथेच एका सवयीची किंमत कळते. रूपांतर एकाच दिशेने होतं. ८,००० ची फाइल पुन्हा ४८,००० ची केली तर संख्या वाढतात, पण गेलेला ‘स’ येत नाही. हुशार प्रोग्रॅम त्याचा अंदाज बांधून काहीतरी भरू शकतात, पण तो निवेदकाने उच्चारलेला ‘स’ नव्हे. ज्यांनी जागा वाचवायला फोनच्या फाइल ठेवल्या आणि मूळ फाइल पुसल्या, त्यांना रुंद पट्ट्यासाठी सगळं मुद्रण पुन्हा करावं लागतं. तोवर निवेदकाचा आवाज बदललेला असतो, किंवा निवेदकच मिळत नाही.

फोनवर ऐकणाऱ्यांत सगळ्यांकडे स्मार्टफोन नसतो, आणि असला तरी सगळ्यांना त्यावर वाचून काम भागवता येत नाही. शेतकऱ्यांसाठी २००४ साली सुरू झालेलं किसान कॉल सेंटर मराठीसह अनेक भाषांत चालतं, ते फोनवर आपल्या भाषेत ऐकणं हाच अनेकांसाठी सर्वांत जवळचा मार्ग आहे म्हणून. औषधाची मात्रा, बिलाची रक्कम, खात्यातली शिल्लक ही माहिती अशा माणसाला एकदाच, कानांनीच मिळते. ती चुकली तर पडताळून पाहायला त्याच्या हातात काही नसतं. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक राखणं ही त्याच्याशी नीट बोलण्याची पहिली अट आहे, आणि ती पाळायला महागडी यंत्रं लागत नाहीत. योग्य गाळणी, योग्य क्रम, ऐकून केलेली तपासणी आणि जपून ठेवलेली मूळ फाइल, एवढं पुरतं.